थरथर

"पोराला कोटाच्या आत घे, पोरी," गाडी सुरू करण्याआधी येफीमकाकानं ताइसियाला सांगितलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. पाच महिन्यांचा ग्लेब कोटात गुदमरेल, तान्ह्या मुलाच्या तोंडाशी हवा खेळती हवी, असं तिनं वाचलं होतं आणि तसं बोलूनही दाखवलं. कानटोपीचे बंद बांधता बांधता म्हातारा म्हणाला, पुस्तक लिहिणारा कधी एरोसानीत बसलेला दिसत नाही. मग तो पुढे आपल्या जागी जाऊन बसला.

लष्कराची ती एरोसानी, म्हणजे पंख्याच्या जोरावर चालणारी बर्फगाडी, लाकडी पट्ट्यांवर घसरत गोठलेल्या लादोगा सरोवरावर उतरली. वेढ्यातल्या लेनिनग्राडला येताना तिनं पीठ आणलं होतं, परतताना ती माणसं नेत होती. पुढे मशीनगन, मागे विमानाचं इंजिन आणि पंखा, मध्ये उघड्या फळ्यांवर समोरासमोर बसलेल्या दोन बायका. पंखा मागून रेटत होता आणि वारा पुढून सोलून काढत होता.

त्या आवाजात बोलायची सोयच नव्हती. ताइसियाला बोलायचंही नव्हतं. तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या गाठोड्याकडे होतं. उघडून बघावं तर वारा आत शिरेल. आतून रडला तरी ऐकू येणार नाही. पण गाठोडं हलत होतं, बारीक, सारखं. पाय झाडतोय, ती मनाशी म्हणाली. भूक लागली की असाच झाडतो. तिनं दोन्ही हात गोधडीवर ठेवले आणि कितीतरी दिवसांनी तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

सरोवराच्या मध्यावर येफीमकाकानं इंजिन बंद केलं. आपल्याच आवाजात वरचं विमान ऐकू येत नाही, म्हणून मधूनमधून थांबून कानोसा घ्यावा लागतो. फार वेळ थांबूनही चालत नाही, पट्ट्या गोठून बर्फाला चिकटतात. कुणी बोलू नका, असं सांगून तो लाकडी हातोडा घेऊन खाली उतरला आणि पट्ट्या ठोकून सोडवू लागला. मशीनगनवरचा सैनिक तोंड वर करून ऐकत राहिला.

सगळे आभाळाकडे कान लावून बसलेले असताना ताइसियाच्या लक्षात आलं, की गाठोडंही थांबलं आहे.

तिनं ते हलवलं. कान टेकवला. हातोडा वाजायचा थांबला तेव्हा पुन्हा टेकवला. इतका वेळ पाय झाडत होतं ते इंजिन होतं.

गाठ सुटेना, तिनं ती दातांनी सोडवली. ग्लेबच्या भुवयांवर बर्फाची कणी धरली होती आणि ओठ शाई प्यायल्यासारखे झाले होते. कोटाची बटणं तटातट तुटली. तिनं त्याला उघड्या अंगाशी लावलं, तोंड छातीला दिलं. दूध होतं तरी किती, पण दिलं. ओठ मिटले नाहीत.

"काका," ती म्हणाली.

म्हातारा आला, त्यानं पाहिलं. पुस्तकाचं नाव काढलं नाही. हातमोजा काढून त्यानं बाळाची पाठ चोळली, गाल चोळले, गळ्यातला मफलर सोडून तिच्या कोटावरून दोघांभोवती आवळून बांधला.

समोरची बाई हे सगळं बघत होती. तिचं नाव क्लावदिया. तिच्या मांडीवर हिरव्या शालीत गुंडाळलेली दोन वर्षांची मुलगी होती. तिनं शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

"आमची झोपलीय," ती कुजबुजली. "शहाणी आहे. घरापासून एकदाही कुरकुर नाही."

येफीमकाकानं शालीकडे हात नेला. "बघू."

"उठेल हो," असं म्हणून क्लावदियानं त्याच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात सैनिकानं हात वर केला. दूर कुठेतरी घरघर सुरू झाली होती. म्हातारा पुढे धावला.

इंजिन पेटलं आणि गाडी उधळली. आता ग्लेबचा आवाज ऐकू येणार नव्हता, आणि त्याच्या हलण्यावर ताइसियाचा विश्वास उरला नव्हता. ती नुसती वाट बघत राहिली. मागे बॉम्ब पडून बर्फाचा लोट उसळला, पुन्हा एक उसळला. तिनं मान वळवली नाही.

मग छातीशी एक ओढ लागली. अगदी क्षीण. थोड्या वेळानं आणखी एक.

इंजिनाला दूध ओढता येत नाही.

तिनं वर पाहिलं तेव्हा क्लावदिया हसत होती. तिच्या मांडीवरची शाल थरथरत होती. ती ओठांनी सांगत होती, बघ, उठली. ताइसिया घसा फोडून ओरडली, शाल उघड म्हणून. खुणा केल्या. क्लावदियानं मान डोलावली आणि मांडी हलवून गाठोडं झुलवू लागली.

पलीकडच्या काठावर नर्सनी ताइसियाला दोन्ही बाजूंनी धरून तंबूत नेलं, शेगडीपाशी बसवलं. तिथे ग्लेब रडला. दुसरी बाई कुठे आहे, असं तिनं विचारलं. ती स्टेशनकडच्या ट्रकमध्ये बसलीसुद्धा, नर्स म्हणाली. बिचारी सूपही नको म्हणाली, मूल उठेल म्हणून. ताइसिया उठायला गेली, पण गारठलेले पाय उभे राहीनात. बाहेर ट्रकचा आवाज लांब लांब जात होता.

तंबूत येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली, पीठ भरणाऱ्यांना, सूप वाढणारीला, दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यालाही. तुम्हालाही ती तेच सांगते आहे. स्टेशनकडे जाणार असाल तर हिरव्या शालीची बाई शोधा. तिच्या शेजारी बसा. आधी तिच्या हातात काहीतरी गरम द्या. मग शाल तुम्हीच उघडा.