गम्बोतला बटाटा

"ते भांडं परत गाडीत ठेव," एलरे म्हणाला. "आजपासून माझ्या गम्बोत बटाटा पडणार नाही."

क्लोव्हिस सभागृहाच्या दारातच थांबला. त्याच्या दोन्ही हातांत बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं होतं, वर फडकं झाकलेलं. रविवारची प्रार्थना नुकतीच संपली होती. माणसं चर्चमधून थेट इकडे येऊन वाडगे घेऊन रांगेत उभी होती. बाहेर भाताच्या खाचरांवरून बोचरा वारा सुटला होता. अशा हवेत लुइझियानातल्या त्या गावाला दुसरं काही सुचत नसे. कोंबडी आणि सॉसेज घातलेला, दाट रश्श्याचा वाफाळता गम्बो, त्यात मूठभर भात आणि भातावर बटाट्याच्या सॅलडचा एक गोळा.

"गम्बोत नाही तर कुठे घालायचा बटाटा? खिशात?" रांगेतली वेल्मा म्हणाली.

"वेगळ्या ताटलीत घे. न्यू ऑर्लिन्समध्ये घेतात तसा."

"तू न्यू ऑर्लिन्सचा कधीपासून झालास रे?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "माझी आई घालायची, तिची आई घालायची. थंडगार बटाटा गरम रश्श्यात विरघळतो, तीच तर मजा." एलरेने ऐकून घेतलं, पण पळी टोपावर आडवीच धरून ठेवली. या सभागृहातला गम्बो पिढीभर त्याच्याच हातचा होता. इथे त्याचा शब्द चालायचा. क्लोव्हिसने टेबलाशी बसलेल्या थीडाकडे पाहिलं. थीडाने 'जा' अशी मान हलवली. तो भांडं घेऊन बाहेर गेला.

त्या नुसत्या बघण्याने एलरेच्या अंगाचा तिळपापड झाला.

बटाट्याशी त्याचं काही वैर नव्हतं. थीडा त्याची बायको. पण आधी ती क्लोव्हिसची व्हायची होती. लग्न ठरलं होतं, आणि क्लोव्हिस समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला गेला, तो दुसरीशी लग्न करूनच परतला. एलरेने थीडाला मागणी घातली ती त्यानंतर. उभा संसार झाला, मुलं मोठी होऊन पांगली, तो जुना सलही बुजला. मग क्लोव्हिसची बायको वारली. तो गावात राहायला आला आणि दर गम्बोला सॅलड आणू लागला. आदल्या दुपारी थीडा त्याच्याकडे जायची. "बटाटे सोलायला," म्हणायची. परत यायची ती गाणं गुणगुणत. आणि रविवारी नवऱ्याने केलेल्या गम्बोत पहिला गोळा टाकणारीही तीच. तोही एवढा मोठा, की खालचा गम्बो दिसू नये.

"नुसता गम्बो उतरत नाही का तुझ्या घशाखाली?" त्याने एकदा विचारलं होतं.

"सवय लागलीय," ती म्हणाली होती. कुणाची, हे विचारायचा त्याला धीर झाला नव्हता.

आज सकाळी पीठ तेलात परतायला घेतलं, तेव्हाही डोक्यात क्लोव्हिसच होता. पीठ पार तपकिरी होईपर्यंत ढवळत राहायचं आणि नेमक्या रंगावर थांबायचं, गम्बोचा सगळा जीव त्यात. एलरे ढवळत राहिला आणि मनातल्या मनात क्लोव्हिसला हाकलत राहिला. आता खरोखरच हाकललं होतं.

त्याने वाडगे भरून दिले. माणसं बसली, खाऊ लागली, आणि सभागृहातल्या गप्पा हळूहळू बंद पडल्या. वेल्माने पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. कुणी आणखी भात मागायला आलं, त्याच्यामागून दुसरं कुणी. कोणाची मान वर होईना. एलरेला वाटलं, रुसलेत. त्या माणसासाठी सगळं गाव माझ्यावर रुसलंय.

तो थीडाच्या टेबलाशी गेला. "तूही जा बाहेर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिथेच जीव अडकलाय ना तुझा."

थीडाने त्याच्याकडे पाहिलं. मग वाडगा पुढे ओढून ती खाऊ लागली. भात नाही, पाणी नाही, चमच्यामागून चमचा. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. वाडगा रिकामा झाला तेव्हा तिने चमचा खाली ठेवला.

"करपलाय, एलरे. दोन हिवाळे झाले, दर वेळी करपतोय. पिठाचा रंग तुला दिसत नाही, आणि तुझं नाक नि जीभ तंबाखूने कधीच मेलीयत. सॅलडमध्ये काकडीचं गोड लोणचं जास्त घातलं की कडवटपणा दबतो. घरी केलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून तिकडे जाते."

एलरेने मान वळवली. वेल्मा आपल्या वाडग्यात बघत होती. सगळेच आपापल्या वाडग्यात बघत होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो बाहेर गेला. क्लोव्हिस भांडं मांडीवर घेऊन गाडीत बसला होता. एलरे खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"हे सगळं तिने करायला सांगितलं तुला?"

"हो." क्लोव्हिसने काच आणखी खाली घेतली. "लोकांनी तुझा टोप मला देऊ केला होता, यापुढे गम्बो मी करावा म्हणून. घेऊ का म्हणून मी आधी तिला विचारायला गेलो."

"मग?"

क्लोव्हिसने भांड्यावरचं फडकं नीट केलं.

"म्हणाली, मला सोडून गेलास ते मी केव्हाच विसरले. पण त्याच्या हातातली पळी घेतलीस, तर मरेपर्यंत विसरणार नाही."