चित्र अडकतं तेव्हा

चित्र पुन्हा अडकलं. आबांचा उजवा हात हवेत, तोंड अर्धवट उघडं, नजर थेट कॅमेऱ्यात. काटेवाल्याने वैतागून व्हिडिओ कॉल बंद केला आणि वही उघडली. हॉटेल, खोली, वेग, वेळ. आणखी एक ओळ वाढली.

कारखान्याकारखान्यांतून वजनकाटे तपासत फिरायचं हे त्याचं काम, म्हणून ऑफिसात सगळे त्याला काटेवाला म्हणत. महिन्यातले वीस दिवस हॉटेलात. खोलीत शिरल्यावर लोक गादी दाबून बघतात. हा आधी नेटचा वेग मोजायचा. चौथ्या मजल्यावरची ही खोली त्याने दोन खोल्या नाकारून, हट्टाने मागून घेतली होती. वेग झकास होता. एसीही असा जोरदार, की त्याच्या मागचा खिडकीचा पडदा सारखा फडफडत होता. घरचं कनेक्शनसुद्धा त्याने दोनदा बदलून दिलं होतं. तरी आबा अडकायचे ते अडकायचेच. हे काय गौडबंगाल आहे, ते कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आबा घरात एकटे, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला हा फोन. आता ऑफिस त्याला दोन वर्षांसाठी लांब पाठवायचं म्हणत होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ताईने बजावलं होतं, "जाऊ नकोस. आबा हल्ली विसरतात." त्याने तिलाच उडवून लावलं होतं. "आबा ठणठणीत आहेत. नेट अडकतं, तेवढंच."

आबा विसरतील? शाळेत कवायतीचे मास्तर होते ते. 'सावधान' म्हटलं की डोळ्याची पापणीसुद्धा हलता कामा नये, हे त्यांनी अर्ध्या गावाच्या अंगी मुरवलं होतं. घरातली पोरंही त्यातून सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तक्रार केली. हॉटेलचं नेट बघणाऱ्या बाई आल्या. त्यांनी भिंतीवरचं यंत्र उघडून पाहिलं, झाकण परत लावलं.

"साहेब, आमच्याकडून काही खोट नाही. नक्की केव्हा अडकतं?"

"मध्येच."

"मध्येच म्हणजे केव्हा? तुम्ही काय करत असता तेव्हा?"

तो जरा ओशाळला. हा तर त्याचा स्वतःचा प्रश्न होता. काटा चुकतो अशी कुणी ओरड केली, की तो आधी विचारायचा, काय ठेवल्यावर चुकतो? काट्याला बोल लावण्याआधी त्यावर ठेवलेली वस्तू बघायची, ही त्याच्या कामाची पहिली रीत. आणि वहीत मात्र त्याने जगभराचं लिहिलं होतं, आपण काय बोललो तेवढं सोडून.

पुढचे तीन दिवस त्याने तेही लिहिलं. हवा, गुडघेदुखी, शेजाऱ्यांचा रेडिओ, जुने विद्यार्थी यांवर आबा अर्धा अर्धा तास बोलायचे, चित्र कुठे म्हणून अडकायचं नाही. 'सकाळची गोळी घेतलीत का?' अडकलं. 'ताई कधी येऊन गेली?' अडकलं. 'काल जेवायला काय केलं होतं?' अडकलं. गुरुवारी त्याने ते पान दोनदा वाचलं आणि त्या तीन प्रश्नांखाली रेघ ओढली.

शुक्रवारी साडेसहाला त्याने फोन अगदी डोळ्यांजवळ धरला. आबांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ होतं. इतर हॉटेलांतून तिथे नुसता पांढरा ठिपका दिसायचा. इथे आकडेसुद्धा वाचता येत होते.

"आबा, आज दुपारी काय जेवलात?"

आबांनी हात उचलला, तोंड उघडलं आणि ते थांबले. पापणीही हलेना. त्यांच्या डोक्यामागे सेकंदकाटा मात्र बिनबोभाट पुढे सरकत होता. पाच सेकंद. दहा. पंधरा.

व्हिडिओ कॉल करायला त्यानेच त्यांना शिकवलं होतं. 'चित्र अडकलं तर घाबरायचं नाही, आबा. तो नेटचा दोष, तुमचा नाही. मी परत करतो फोन.' तेवढं आबांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

त्याचे डोळे भरून आले. आज त्याने फोन ठेवला नाही.

"आलं बरं का नेट," तो म्हणाला. "जेवणाचं राहू द्या. तो कवायतीत उभ्या उभ्या झोपणारा पोरगा होता ना, त्याची गोष्ट सांगा."

आबांचा हात खाली आला. चेहरा उजळला. मग त्यांनी ती गोष्ट अशी रंगवून सांगितली, की पोराच्या चपलेचा तुटका अंगठासुद्धा सुटला नाही. दोघंही पोट धरून हसले. हसता हसताच ऑफिसला काय कळवायचं ते त्याचं ठरून गेलं. तो कुठेही जाणार नव्हता.

आबांनी डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"अरे, तुझी आई कुठे गेलीय रे? सकाळपासून दिसली नाही. तुला काही बोलली का?"

त्याला खरं सांगवेना, खोटंही बोलवेना. तो तसाच राहिला. तोंड अर्धवट उघडं, नजर थेट कॅमेऱ्यात, पापणी स्थिर.

आबा पुढे झुकले. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"बाळा," ते हळूच म्हणाले, "तुझ्यामागचा पडदा हलतोय."