डाळिंबाचा दाणा

"दोन दिवस पोरगी उपाशी आहे. काय भरवलंयस तिच्या डोक्यात?" लेकीला परत सोडायला आलेला, काडीमोड झालेला नवरा स्तेर्यिओस दारातच भडकला. "नव्या वर्षाच्या शकुनाचं डाळिंब उंबऱ्यावर फोडलं, त्यातला दाणासुद्धा तोंडात घातला नाही."

"तुझ्या घरात कुणाला घास गोड लागणार?" म्हणत एवान्थियाने त्याच्या तोंडावर दार आपटलं.

आत दानाई शाळेच्या टॅबवर पुराणकथांची उजळणी करत होती. प्रश्न आला, 'पर्सिफोनीला दरवर्षी पाताळात परत का जावं लागतं?' पोरीने बरोबर उत्तरावर बोट टेकवलं: तिथे डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून.

एवान्थियाला उलगडा झाला, आणि मनात आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. बापाकडे पुन्हा जायला नको म्हणून उपाशी राहिली तर! तिने लेकीपुढे कोंबडीचं गरम सूप ठेवलं.


दानाईने वाटी दूर सारली. "इथलंही नको. मग इथेही परत यावं लागेल."