रत्नपालच्या घरची किटली

"आधी मोटर," बकाराम म्हणाला आणि त्याने खटका दाबला.

मागे विहिरीवरची मोटर घरघरली. मीटरशेजारच्या डबीवर हिरवा दिवा लुकलुकला. अंगणात जमलेल्यांनी माना वळवून तिकडे पाहिलं.

सौंदडच्या या घरात तशा छोट्या डब्या प्रत्येक खटक्यामागे होत्या. रत्नपालच्या मुलीने, स्नेहलने, त्या स्वतः बसवल्या होत्या. वेगळी वायर ओढली नव्हती. ज्या तारांतून घरात वीज फिरते, त्याच तारांतून मोटर, किटली, पंखा आपापली खबर मीटरजवळच्या डबीला देत. तिथून ती मोबाइलच्या मेसेजसारखी पुण्याला जाई. कुठे किती वीज लागली, कुठे वाया गेली, स्नेहलला तिकडे दिसे.

"माझ्या चहाची खबर पुण्याले जाते," रत्नपाल गावभर सांगत फिरायचा.

"मंग आंघोळीची बी जात असन," शेजारचा बकाराम चिडवायचा. "पाणी तापवायचा रॉड लागतच नाही म्हणून."

आज या घरातल्या विजेची खबर पुण्यात एका सभागृहाच्या पडद्यावर दिसत होती. स्नेहलचं यंत्र घरोघरी न्यायचं की नाही, ते समोर बसलेले लोक ठरवणार होते.

काल संध्याकाळी रत्नपाल तापाने फणफणला होता. त्याने बकारामचा हात धरला. "मी नाही उठलो त तू कर. मोटर, मंग किटली, मंग पंखा. रोजच्यासारखं. काही झालं तरी तिचं काम थांबलं नाही पाहिजे."

"अबे, कोंबड्याच्या आधी तूच उठशीन."

सकाळी रत्नपाल उठला नाही. म्हणून आता खटके बकारामच्या हाती होते.

"अन् लाइन गेली त?" शेजारच्या सुमित्राबाईने हळूच विचारलं.

"जाते कशी? वायरमनच्या घरी जाऊन आलो. रत्नपालच्या पोरीचं काम आहे म्हटलं, आज लाइन जाऊ देत नाही म्हणाला."

माणसं वाढत होती. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. रत्नपालचा पुतण्या संघदीप खिशातून मोबाइल काढू लागला, तसा बकारामने त्याचा दंड धरला.

"तिले कोणी फोन नाही करायचा. तिचं झाल्याबिगर नाही."

"पण काका..."

"नाही म्हटलं ना."

बकाराम किटलीकडे वळला. सुमित्राबाई पदर सावरत पुढे आली. "भाऊजी, आज या घरात चूल..."

"चूल कुठं पेटवून राहिलो? खटका दाबून राहिलो."

पाणी उकळलं. चहा कोणी मागितला नाही. त्याने ते पाणी मोरीत ओतलं. मग आतल्या खोलीतला पंखा लावला. रत्नपालच्या चादरीचं टोक वाऱ्याने उडालं, ते त्याने पुन्हा नीट खोवलं.

मग सगळे थांबले. बऱ्याच वेळाने बकारामचा फोन वाजला.

"काका, मंजूर झालं!" स्नेहलचा आवाज अंगणभर ऐकू आला. "पडद्यावर किटली लागली तशी मी म्हटलं, हे माझे बाबा, सौंदडला चहा करून राहिले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते!"

बकारामने मान वर केली. "मंजूर झालं," तो सगळ्यांना म्हणाला. "आपल्या पोरीचं मंजूर झालं. पुण्याच्या लोकाईनं उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"बाबांना द्या ना फोन."

"तू आजच्याच गाडीनं ये, माय. मी टेशनावर येतो."

त्याने फोन ठेवला, उंबऱ्यावर बसला आणि बायांकडे पाहिलं.

"झालं तिचं," तो म्हणाला. "आता रडा."