ऐकण्यापुरतं इंग्रजी

"मला बोलायचं नाहीये," मिस्त्री म्हणाले. "लिहायचंही नाही. नुसतं ऐकून कळलं पाहिजे. असं काही आहे का तुमच्याकडे?"

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. इंग्रजी शिकायला येणारे त्यांना नवे नव्हते. कुणाला मुलाखत द्यायची असे, कुणाला परदेशी जायचं असे. नुसतं ऐकायला मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"कुणाचं ऐकायचंय, काका?"

"असंच," मिस्त्री म्हणाले आणि शेल्फाकडे बघत राहिले.

त्यांनी उभा जन्म गॅरेजमध्ये काढला होता. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत. हात थरथरायला लागले तसं गॅरेज बंद केलं आणि मुलगा-सुनेकडे राहायला आले. घर चांगलं, दोघंही चांगली. पण हल्ली मिस्त्री खोलीत आले की त्यांची भाषा वाक्याच्या मधूनच बदलायची. त्या इंग्रजीत 'ही' आणि 'हिम' सारखं यायचं. एवढं तर मिस्त्रींनाही कळत होतं. घरात तिसरा पुरुष नव्हता.

आवाज भांडणाचा असता तर त्यांना बरं वाटलं असतं. हा आवाज निराळा होता. जुनी गाडी विकायला काढताना दोन भागीदार बोलतात ना, तसा. थंड, समजूतदार.

त्यात एकदा दुपारी सून टेप घेऊन त्यांची कॉट मोजताना दिसली.

"काय गं?"

"काही नाही बाबा. चादर घ्यायचीये."

मग तिनं त्यांचं कपाटही मोजलं. कपाटाला कसली चादर, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयाची पायरी चढले.

बाईंनी आधी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक दिलं. मिस्त्रींनी ते तसंच परत आणलं. मग लहान मुलांची चित्रांची पुस्तकं दिली.

"मांजर चटईवर बसलं, एवढं समजलं," मिस्त्री म्हणाले. "पण आमच्याकडे मांजर नाही, अन् चटईवरही कुणी बसत नाही."

बाई खळखळून हसल्या आणि उठल्या. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर त्यांना बसवून कानांवर हेडफोन चढवला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच केलेली एक फुकट साइट होती. रोजच्या जगण्यातले संवाद. डॉक्टरकडे, दुकानात, नवरा-बायको स्वयंपाकघरात. आवाज सावकाश करायचं बटण होतं. खाली मजकूर उमटायचा. तो बाईंनी झाकून टाकला.

"आधी कान, मग डोळे. अडलात तरच उघडा. आणि वाचनालयाच्या कार्डावर गोष्टीही ऐकता येतात, घरी, मोबाइलवर."

"घरी नको," मिस्त्री घाईघाईनं म्हणाले.

ते रोज येऊ लागले. सुरुवातीला नुसती घरघर. मग एकेक भाग सुटा ऐकू येऊ लागला, तसा त्यांना जुना हुरूप आला. घरी मात्र तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. चहा पीत, पेपर चाळत बसायचे आणि कान टवकारलेले. 'सून' म्हणजे 'लवकरच' हे कळेपर्यंत त्यांना वाटत होतं, मुलगा बायकोबद्दल तिच्यासमोरच बोलतोय!

"ताई, 'लीव्ह' म्हणजे?" एकदा त्यांनी विचारलं.

"सोडून जाणं. किंवा मागे ठेवून जाणं. कोण, कुणाला, त्यावर आहे."

मिस्त्रींच्या मनात त्यातला दुसरा अर्थ रुतून बसला. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला.

"काका, घरच्यांचंच ऐकताय ना? सरळ विचारत का नाही?"

"विचारलं तर आपल्या भाषेत सांगतील," मिस्त्री म्हणाले. "आपल्या भाषेत ते मला दुखावणार नाहीत. खरं काय ते इंग्रजीतच आहे."

बाईंनी घर बदलण्याविषयीचा एक धडा शोधून दिला, कारण 'रूम', 'शिफ्ट', 'साइन' असे शब्द मिस्त्री एकामागून एक आणायला लागले होते. तो धडा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला. त्यातली म्हातारी नव्या जागेत खूश होती. मिस्त्रींना ती खोटी वाटली.

शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं. मुलांच्या तोंडून हे वदवून घेण्यापेक्षा आपणच म्हणावं, मला वृद्धाश्रमात सोडा, तिथे माझ्या वयाची माणसं भेटतील. हसत म्हणावं, म्हणजे पोरांच्या जिवाला लागणार नाही. रविवारी सकाळी दाढी केली, बॅग भरून कॉटखाली सरकवली आणि चहाच्या टेबलाशी जाऊन बसले.

ते बसताच भाषा बदलली. पण या वेळी शब्द एकमेकांत कालवले गेले नाहीत. एकेक वाक्य अखंड, स्वच्छ, घासून पुसून ठेवल्यासारखं कानावर आलं.

"आज त्यांना सांगायलाच हवं," मुलगा म्हणाला.

"हो. तिकडची खोली तयार आहे. कॉट बरोबर बसते."

"त्यांना तिथे करमणार नाही."

"करमेल. हळूहळू सवय होईल."

मिस्त्रींनी घसा खाकरला. बोलायचं वाक्य जिभेवर आणलं.

"तरी विचार कर," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "ते माझे वडील आहेत."

सुनेनं मिस्त्रींच्या कपात चहा ओतला, साखर घातली, ढवळली. त्यांच्याकडे बघून नेहमीसारखं हसली आणि इंग्रजीतच नवऱ्याला म्हणाली,

"घटस्फोटाच्या कागदांवर मी उद्याच सही करते. हे घर तुला, गाडी तुला, मला तुझं काहीही नको. फक्त बाबांना माझ्याबरोबर येऊ दे."