इरम्माचा हूं

"सुपारी फुटंल, पण आधी पोराची गोष्ट होऊ द्या," अण्णाराव म्हणाले आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसले.

आपल्या वीरप्पासाठी नागम्माला बघायला ते भूमहून आले होते. पोरगी पसंत होती. पण घर बिनबापाचं, जमीन कोरडवाहू. बेंबळीच्या त्या घराला मान होता तो एकाच गोष्टीमुळं. नागम्माचा थोरला भाऊ बसवराज गेल्या भादव्यात, पोलीस ॲक्शनच्या आधी चार दिवस, रझाकारांशी लढताना कामी आला होता.

आतल्या दाराआड नागम्मा जीव मुठीत धरून उभी होती. हे स्थळ हातचं गेलं तर पुढं कोण येणार होतं?

तिच्या आईनं, इरम्मानं, बलभीमला बोलावून घेतलं. बलभीम मराठ्यांच्या आळीतला, बसवराजचा जिवाभावाचा दोस्त. रझाकारांशी लढणाऱ्यांच्या हद्दीपलीकडच्या कॅम्पात दोघं बरोबर गेले, परतला एकटा बलभीम. तेव्हापासून दर सोमवारी तो इरम्माच्या ओसरीवर येऊन बसवराजची गोष्ट सांगायचा. सारी गल्ली गोळा व्हायची. हूं म्हणायला बसायची इरम्मा. तिच्या हूंवाचून गोष्ट पुढं सरकत नसे.

"सीना नदीला पाणी चढलं होतं," बलभीमनं सुरुवात केली.

"हूं," इरम्मा म्हणाली.

"मागनं गोळ्या. बसूनं समद्यांना पाण्यात घातलं. मला म्हणला, बलभ्या, तू हो म्होरं, म्या आलोच."

"हूं."

"म्हंजे तुमी पळालाव म्हना की!" पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"पळालो न्हाय, मामा. ढकललं त्यानं मला. मागं वळून बघतो तर गोळी बसलेली. तसाच खांद्यावर घेतला अन् नदी पार केली. माझ्या मांडीवर गेला तो."

"हूं."

"कॅम्पात शांतलिंग स्वामी होते. त्यांनी भस्म लावून, बसवून समाधी दिली. तुमच्या लिंगायतांच्या रीतीत कायबी कमी पडू दिलं न्हाय."

इथं इरम्माचा हूं आला नाही. कधीच यायचा नाही. दर सोमवारी याच वाक्याला ती गप्प व्हायची, बलभीम अडखळायचा, खाकरायचा आणि पुढचं सांगायचा. नागम्माला वाटायचं, हे कुठल्या आईला सोसवेल? तिला वडिलांची वेळ आठवायची. पाटावर बसवलेले वडील, गळ्यात हार, मांडीवर मिटलेली डावी मूठ. आईनं त्या मुठीवर कपाळ टेकलं होतं. दादाही तसाच बसला असेल.

गोष्ट संपली. अण्णारावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"असल्या भावाची बहीण आमच्या घरात येतीय, अजून काय पायजे? फोडा सुपारी."

एक गोष्ट बलभीम चारचौघांत कधी सांगत नसे. परत आला त्या दिवशी त्यानं बसवराजच्या गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, इरम्माच्या हातावर ठेवलं होतं. "त्याची खूण, मावशी," एवढंच तो बोलला. तेव्हा घरात फक्त नागम्मा होती. आईनं डबी कितीतरी वेळ मुठीत धरली. मग ज्वारीच्या कणगीत हात खुपसून तिनं ती खोल ठेवली.

"गल्लीत कुणापाशी बोलू नको, नागी," ती म्हणाली.

देव्हाऱ्यात का नाही ठेवली, असं नागम्माच्या ओठांवर आलं होतं. पण आईच्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं नाही.

वैशाखात लग्न झालं. चुडा भरायला तुळजापूरहून कासारीण आणावी लागली. गावात बांगड्या भरणाऱ्या मणेराच्या दाराला भादव्यापासून कुलूप होतं. ॲक्शनच्या धामधुमीत तो बायकापोरांना घेऊन हैद्राबादकडं निघून गेला होता.

"त्याच्या लेकीचा, हमीदाचा, हात लई हलका," इरम्मा म्हणाली. "बांगडी चढली कधी ते कळायचं न्हाय."

"मग आना की तिलाच हैद्राबादहून," कासारीण फणकारली. बायका हसल्या. इरम्माही हसली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, गाडी जुंपली. देव्हाऱ्यापुढं डोकं टेकायचं राहिलं म्हणून नागम्मा माघारी आली. दाराशीच थबकली. आत कणगीपाशी आई आणि बलभीम उभे होते. आईचा हात कोपरापर्यंत ज्वारीच्या धुळीनं माखला होता. तिनं मूठ उघडली.

"हे त्याचं त्याला नेऊन दे."

"मावशी..."

"आमच्यात मेलेल्याच्या गळ्यातलं कुणी काढून घेत न्हाय, बलभीमा. ते त्याच्या मुठीत देतात, मग माती लोटतात. स्वामींनी रीतीनं समाधी दिली म्हणतोस, मग हे माझ्या हातात कसं आलं? पहिल्याच दिशी कळलं मला. त्यानंच काढून दिलं न्हवं?"

बलभीम हळूच म्हणाला, "हूं."

"मणेराच्या माणसांना सुखरूप पोचवाय गेला."

"हूं."

"अन् तिथंच ऱ्हायला. हमीदासंगं."

"हूं."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. अण्णाराव सुनेला हाका मारत होते.

"माझी वड लागली की यील तो कधीतरी," इरम्मा म्हणाली. "आला की नागीचं घर मोडलं. म्हणून त्याला सांग, आई गेली. रीतीनं बसवलं, कायबी कमी पडू दिलं न्हाय."

बलभीमच्या तोंडून हूं फुटेना. इरम्मा वाट बघत राहिली.

दाराआडून नागम्मा म्हणाली, "हूं."