बालाजीची लिंक
सकाळी आठ वाजता नळदुर्गच्या प्रतीक्षाच्या ब्लॉगवर आपोआप सूचना आली. आईच्या ओव्यांवरच्या तिच्या लेखाची लिंक कुणीतरी आपल्या ब्लॉगवर दिली होती. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, पण घरच्या लंगड्या कोकराला ‘कलेक्टर’ म्हणत, ही फक्त प्रतीक्षाच्या घरातली गोष्ट त्या लेखात होती. बापाशी भांडून परागंदा झालेला भाऊ, बालाजीच तो. “बापाचा राग गेलाय म्हणावं,” आई म्हणाली, “ये म्हणावं.” “त्याच्या ब्लॉगवर उत्तर लिहायची सोयच न्हाय,” प्रतीक्षा म्हणाली. मग प्रतीक्षानं आपल्या ब्लॉगवर निरोप लिहून त्यात त्याच्या लेखाची लिंक दिली, म्हणजे त्यालाही तशीच सूचना जाणार होती. लिंक दिली की समोरच्याला कळतं, हे बालाजीला ठाऊक नसेल, असं तिला नंतर वाटलं. “त्यो आपल्याला घावला, हे त्याला कळंल?” आईनं विचारलं. “व्हय, आई.” संध्याकाळी प्रतीक्षानं त्याचा लेख पुन्हा उघडला. लेख तिथंच होता. ओव्यांची लिंक काढलेली होती.